सीताफळाची बी

१२.१०.८६, रवि.
कालच्या पानावर लिहिलंय, ‘सुमनमावशींना बी कसली ते सांगितलं.’ खोटं आहे. सांगायचं ठरवलं होतं, सांगितलं नाही. ओळ खोडत नाही, दिसत राहू दे.

शुक्रवारी पुडी मीच दिली. त्यांच्या रेखाच्या डोक्यात उवा, म्हणून बियांची पूड तेलात कालवून लावायला. मावशींनी विचारलंही, “कशाची गं ही?” अण्णा औषधांच्या गादीवरूनच म्हणाले, “नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो.” मी मान खाली घातली. न्हाऊ घालताना पाणी पोरीच्या डोळ्यात उतरलं.

१३.१०
रेखाचा उजवा डोळा उघडत नाही. मावशी: “दवाखान्यात इचारत्यात काय लावलं. म्या काय सांगू? डोळे आलेत म्हणून थेंब दिलेत.” दोन दिवस भलतेच थेंब! आमच्या त्या गुणापायी.
अण्णा म्हणतात, “पोरीनं डोळे मिटायला नको होते का? तीन पिढ्या देतोय आपण.”

१४.१०
शाळेच्या आधी झाडं मला अण्णांनीच शिकवली. सीताफळाचा पाला वाटून बैलाच्या जखमेतल्या किड्यांवर. कच्चं फळ वाळवून हगवणीवर. बी उवांवर, “आणि कुटताना डोळ्यांवर फडकं बांध हं, बाळ.” म्हणजे माहीत होतं! लेकीला सांगितलं, गिऱ्हाइकाला नाही. आणि मला माहीत असून मी...

दवाखान्यात गेले, बिया रुमालात घेऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.” बुबुळाला जखम आहे. नजर राहील का, आठवड्यानं कळेल.
बाकावरून मावशी: “तुला ठावं व्हतं व्हय गं?”
हो म्हटलं. त्यांनी रेखाला माझ्या बाजूच्या मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

१६.१०, गुरु.
अण्णा लासूर स्टेशनच्या बाजारासाठी पुड्या बांधतायत. त्याच. मी म्हटलं, प्रत्येकीवर बीचं नाव लिहू या.
“मग आपल्याकडं येईल कोण? बिया काय, उकिरड्यावर पडल्यात.”
हे खरं कारण! इतका संताप आला की खल आपटणार होते. आपटला नाही. हळूच खाली ठेवला. त्याचाही राग येतोय.

बाजारात त्यांच्या शेजारी बसणार. प्रत्येक बाईला झाडाचं नाव सांगणार, डोळ्याचं सांगणार, मोठ्यानं. ते मला उठवतील. घरात काय होईल ते...
बाजार रविवारी, १९ ऑक्टोबरला. सकाळच्या गाडीनं.