शिकणाऱ्याची कमाई

शेंदूरजनाघाट,
९ फेब्रुवारी २०२५

ताई,
नमस्कार.

अकोल्यात तुझा खोकला आता कमी झाला असेल. घरी आई-बाबा बरे आहेत. यंदा बाबांनी मेथीसोबत वांगी लावली. आई पहाटेच माल घेऊन अमरावतीच्या बाजारात जाते. वरचा पत्ता पाहून दचकू नकोस. मित्राच्या गावी आलोय, संत्र्याचा हंगाम पाहायला.

हे खोटं आहे. फोनवर तू विचारलं असतंस तर मी असंच काहीतरी बोललो असतो, म्हणून पत्र लिहितोय. मी इथं संत्री निवडायच्या शेडमध्ये कामाला आहे. कॉलेज दिवाळीनंतर सुटलं.

गेल्या वर्षी तुझी संशोधनाची थकलेली फेलोशिप एकदम जमा झाली, आठवतं? संस्थेनं ती पगारासारखी धरून कर कापला. परत मिळतो म्हणून तू हसलीस. आम्हीही हसलो. हाती आलेली रक्कम आईच्या ऑपरेशनला कधीच खर्च झाली.

यंदा माझ्या फीमाफीसाठी कॉलेजनं घरातल्या सगळ्यांच्या उत्पन्नाचे कागद मागितले. तुझ्या नावावर कर कापल्याची नोंद निघाली. मी अन बाबा खिडकीशी उभे होतो. आतल्या बाबूनं विचारलं, मुलगी एवढं कमावते, मग माफी कशाला?

बाबा म्हणाले, "कमावत नाही साहेब, शिकून राहिली."

"मंग कर काहून कापला?"

बाबूनं कागद परत सरकवले. नोंद दुरुस्त करून आणा म्हणाला. त्या धावपळीत फीची मुदत गेली, परीक्षेचा फॉर्म राहिला. परतताना एसटीत बाबांनी कागद पिशवीत घातले. मग म्हणाले, "गीताले सांगू नको. कळलं तं शिकणं सोडून येते ते."

मी तुला सांगितलं नाही, पण ते बाबांसाठी नव्हे. दिवाळीत तू मला ड्रॉइंगचं जाड पुस्तक आणलंस. तू गाडीत बसलीस अन मी ते रद्दीत दिलं. नंतर तुझा फोन आला की आई सांगायची, आंघोळीला गेला. मी तिथंच बसलेला असायचो. तू काही वाईट केलं नाहीस हे मला कळत होतं, तरी तुझा आवाज नको वाटायचा.

आज लिहितोय कारण आई म्हणाली, तू माझ्या पुढच्या फीसाठी संस्थेकडे आगाऊ रक्कम मागणार आहेस. मागू नकोस. प्रवेश रद्द झालाय. पुढं पुन्हा घेईन की नाही, मला माहीत नाही. इथं सकाळपासून फळं हातात फिरवतो, डागी बाजूला टाकतो, संध्याकाळी झोप लागते. एवढं बरं आहे.

तू सोडून येऊ नकोस. आलीस तर मला तुझ्याकडे पाहता येणार नाही.

राग अजून पूर्ण गेलेला नाही, ताई. जाईल असं वाटतं. तोवर फोन करू नकोस, मीच करीन.

तरीही तुझाच,
चंदन