ताटाबाहेरचे पाच घास

विंडहूक, २० जून
पोचलो एकदाचे! काल रिग्गईतल्या घरी दाराबाहेर पाऊल टाकलं की चटका बसत होता आणि आज इथल्या हिवाळ्यात मी स्वेटर घालून चहा पितेय. जयदीपच्या नोकरीमागोमाग तारा आणि मी कुवेतला येऊन जेमतेम तीन महिने झाले. तिथल्या मराठी मंडळींनी आफ्रिकेची टूम काढली तेव्हा नवख्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. नऊ माणसं, एक उंच ट्रक, बारा दिवस. तंबू आपणच ठोकायचे, भाज्या पाळीपाळीने चिरायच्या. धुतलेली भांडी पुसायची नाहीत, हातात धरून वाऱ्यावर हलवायची! सहा वर्षांची आमची तारा दोन ताटल्या घेऊन कोंबडीसारखी फडफडत होती. एरवी हिच्यामागे घास घेऊन धावावं लागतं, आज दोनदा भात मागून घेतला. दृष्ट न लागो.

सेस्रिएम, २२ जून
लाल वाळूचे डोंगर चढून गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. राजाभाऊ आमच्यात ज्येष्ठ. तीस वर्षं कुवेतच्या तेलात काढली, पण ताटाभोवती पाणी फिरवून, भाताचे पाच घास चित्राहुती म्हणून बाहेर ठेवल्याशिवाय जेवायचे नाहीत. ताट मांडीवर असलं तरी घास शेजारी जमिनीवर. पेट्रस हा आमचा ड्रायव्हर, वाटाड्या आणि आचारीही. त्याने आज त्यांना हटकलं. जमिनीवर अन्न टाकू नका, एका मुक्कामी ज्याला खाऊ घालाल ते पुढच्या मुक्कामी चालत येतं, म्हणाला. राजाभाऊ हसले. शेवटचा घास सर्व भूतांसाठीच असतो, येऊ दे की, म्हणाले. त्यांचं बघून ताराने आपलेही पाच घास मांडले आणि इंग्रजीत म्हणाली, फॉर यू. सगळ्यांना केवढं कौतुक! फोटो मीच काढला.

स्वाकोपमुंड, २४ जून
काल सकाळी घास नव्हते. त्यात नवल नाही, पाखरं आहेत. पण भोवतीची वाळू चाटूनपुसून ठेवल्यासारखी गुळगुळीत होती. आमच्या पावलांचे ठसेही गायब. पेट्रसने घास ठेवणं सक्तीने बंद केलं. राजाभाऊ फुरंगटले, पण ऐकलं. तेव्हापासून तीन-तीनदा भात घेतात आणि भूक भूक करतात. चव लागत नाही म्हणे, कुणीतरी आधीच चघळून दिल्यासारखं लागतं. मला शिसारी आली.

एटोशा, २७ जून
पाणवठ्यावर हत्ती आले होते. मी ताराच्या ताटाकडे बघत होते. दोन ताटं वरण-भात संपवते आणि तिची पॅण्ट कमरेवरून घसरते. राजाभाऊंचा पट्टा तीन भोकं आत गेलाय. पेट्रसला गाठून विचारलं.  तो म्हणाला, बाहेर मिळेनासं झालं म्हणून ते आत शिरलं. आता ते आधी जेवतं, उरलं तर माणूस. पुन्हा बाहेर ठेवू का, विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला आतली वाट माहीत झालीय, म्हणाला.
जयदीप मला अंधश्रद्धाळू म्हणतो. पोरीच्या फासळ्या मोजता येतात आणि हा —

२९ जून, दुपार
राजाभाऊ गेले. हातात ताट असताना. डॉक्टर म्हणाले उपासमार. आम्ही सगळ्यांनी त्यांना रोज जेवताना पाहिलंय.

रिग्गई, ३ जुलै
घरी. ताराचे सगळे रिपोर्ट चांगले. वजन तेरा किलो. दवाखान्यात सलाईनची बाटली रिकामी होते आणि तिचे ओठ कोरडेच. पाणी बदललं म्हणून, असं जयदीप म्हणतो. तो तिच्याकडे बघत नाही.

५ जुलै
तिच्या ताटाभोवती वाळू. लाल. इथली धूळ लाल नाही.

६ जुलै
मीच पाच घास काढले. फरशीवर. म्हटलं, तिला सोड, माझ्यात ये. मी मोठी आहे, तुला पुरेन —
तारा जेवली! वाटीभर भात, चव लागते म्हणाली. मी ढसाढसा रडले.
मला भूक लागलीय.

९ जुलै
ताराचे गाल वर येताहेत. मी पातेलंभर भात — चव नाही. चालेल. ती जगली म्हणजे —

१२ जुलै
उठवत नाही. फ्रीज रिकामा. जयदीप ताराचं ताट वाढून कामावर. पोटात ते, माझ्याआधी, सारखं —

दुपारी
ताराला माझी दया आली. आपल्या ताटातले पाच घास माझ्यापुढे फरशीवर मांडले. फॉर यू, आई.
नको म्हणायचं होतं. मी वाकले. जिभेने —
चव लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चव —
फरशी स्वच्छ. ती हसतेय. तिचं ताटही संपलं. बाहेरचं सगळं संपलं आणि ती इतकी जवळ, गाल किती भरलेत, दार बाहेरून लावून घे तारा, पळ, आईजवळ नको, ये, जरा जवळ —