कट्ट्यावरचं दूध

१० नोव्हें. ८७
सकाळी दोनदा शिंकले. आईने धाकट्या भावाच्या, बाळूच्या खोलीचं दार तोंडावर लावलं. त्याला कुणाची साधी सर्दीही लागू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मे महिन्यात मुंबईत माझ्या कमरेच्या हाडातून मगज काढून त्याला घातला तेव्हा मी घरची लक्ष्मी. आता अवदसा.

११ नोव्हें.
कॉलेजातून येताना दूध कट्ट्यावर अप्पांची स्कूटर. मफलरमध्ये गुंडाळलेला बाळू! म्हशीची धार काढून गिलास थेट हातात. तोच गिलास आधी एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याने तोंडाला लावलेला, नुसता विसळला. बाळूला फेसाची मिशी आली, खदखदून हसला. सहा महिन्यांनी बाहेर पडला होता.
अप्पा म्हणाले, "आईजवळ बोलू नगंस. डॉक्टरला काय कळतंय? ह्या दुधावर पैलवान झाल्यात की!"
गप्प बसले. तो हसत होता म्हणून.

१४ नोव्हें.
बाळूला ताप, खोकला. घरभर माझ्या नावाने शिमगा. "सर्दी जाईस्तोवर ह्या घरचा उंबरा वलांडून आत यायचं न्हाय," आई. मी चार दिवस त्याच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही! अप्पा पेपरात तोंड घालून बसलेले. रवानगी कबनूरला, मावशीकडे.

१७ नोव्हें.
यंत्रमागांच्या खडखडाटात डोकं उठलंय. दुपारी अप्पा आले. बाळू दवाखान्यात, छाती भरलीय. डॉ. म्हणे, साधा सर्दीचा विषाणू, पण असल्या पोरांच्या छातीत उतरतो, त्यावर औषध नाही. बाहेर कुठे नेलं होतं का, काही कच्चं दिलं का, हे तीनदा विचारलं.
"मग? सांगितलंत?"
"न्हाय. तुझ्या आईपुढं तोंड कसं दावू?"
माझं तोंड चालतं होय काळं करायला! एवढा राग अप्पांचा कधी आला नव्हता.

१८ नोव्हें.
सकाळच्या एस.टी.ने थेट दवाखान्यात. सगळं सांगायचं ठरवूनच. आई पदर नाकाला लावून, "तू कशाला आलीस? मागं हो." अप्पा भिंतीकडे बघत.
काचेतून बाळू दिसला. नाकात नळी. मला बघून वरच्या ओठावरून बोट फिरवलं, मिशी. मग तेच बोट ओठांवर उभं. गप्प!
डॉ. शेजारीच उभे. "काय म्हणतोय तो?"
जीभच उचलली नाही. स्वतःची लाज वाटते.
डॉ. परत संध्याकाळी सहाला येणार. मी बाकावरून हललेले नाही. अप्पाही हललेले नाहीत.