नंतर आठवण करा

१० नोव्हेंबर, सोमवार

पोचले! सकाळच्या गाडीने नवापूरहून निघाले आणि नंदुरबारला उतरल्या उतरल्या शिंका सुरू झाल्या. रिक्षावाला हसत म्हणाला, "नवीन शे ना ताई? आठ दिनमा नाकले सवय व्हई जाई." शहराबाहेर सगळ्या पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, मिरची वाळत घातली आहे. लांबून वाटतं, लग्नाआधी कुणी लाल सतरंज्या अंथरून ठेवल्यात.

उमेदमल शेठजींचा बंगला त्यांच्या पथारीला लागूनच आहे. मला वरची खोली दिली आहे. खिडकी आहे, टेबल आहे आणि दाराला आतून कडी आहे. स्वतःची खोली मला पहिल्यांदाच मिळाली. स्वयंपाकाच्या कोकिळाबाईंनी चहा आणून दिला. त्यात आलं नव्हतं. या घरात जमिनीखालचं काही खात नाहीत आणि दिवस मावळायच्या आत जेवतात. मला चालेल.

काम म्हणजे शेठजींच्या पत्नी रूपकंवरजींना सोबत करायची. त्यांचा मुलगा अरिहंत गेल्या हिवाळ्यात धडगावच्या घाटात गेला. वळणावर गाडी थांबवून उतरला, कड्याशी उभा राहिला आणि पाय घसरला. गाडीला ओरखडासुद्धा नाही. तेव्हापासून त्या नीट जेवत नाहीत, असं शेठजी म्हणाले.

आमच्या पाड्यावरचे मास्तर महिन्यातून एखादेवेळी उगवायचे, म्हणून चौथीपर्यंत बाबांनीच मला घरी शिकवलं. रोज संध्याकाळी लिहायला लावायचे, आज काय घडलं ते, आणि फक्त खरं. ती सवय इथेही चालू ठेवणार आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काम वेगळंच निघालं. रूपकंवरजी सकाळी देवदर्शन झालं की थेट अरिहंतच्या गाडीत जाऊन बसतात. गाडी पिवळी, दोनच माणसांची, इतकी बुटकी की आत बसताना वाकावं लागतं. शर्यतीची असावी तशी. त्या डावीकडे बसतात. पण चाकामागे कुणी बसल्याशिवाय ती गाडी जागी होत नाही. म्हणून चाकामागे मी.

मला गाडी चालवता येत नाही हे मी आधीच सांगितलं. शेठजी म्हणाले, चालवायची नाहीच, नुसतं बसायचं.

बसल्यावर सीट आपोआप मागे सरकली आणि खाली गेली. ही अरिहंतची मापं. उंच होता. माझे पाय पेडलपासून लांब राहिले, बाकावर बसवलेल्या लहान मुलीसारखे. मग समोरच्या जाळीतून वारा आला आणि एक मजा झाली. डावीकडची जाळी हळूच वर वळली. रूपकंवरजींच्या गुडघ्यांना गार वारा सोसत नाही. त्या शेजारी बसल्या की अरिहंत तेवढी जाळी वर करायचा. गाडी चालवणाऱ्याच्या सवयी शिकते म्हणे. ही सवयही शिकली.

"बघ," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "विसरला नाही." मग तिथेच बसून त्यांनी अख्खा खाखरा खाल्ला. मला रडू आलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गाडीच्या पडद्यावर निरोप आला की नवीन सॉफ्टवेअर आलं आहे, टाकायचं का. खाली दोन चौकटी होत्या, 'हो' आणि 'नंतर आठवण करा'. ऐच्छिक आहे. सुरतच्या शोरूममधून भाग्येश नावाच्या मुलाचा फोनही आला. तो म्हणाला, मॅडम, गाडी ताजी होईल, किरकोळ दुरुस्त्या होतील, फक्त चालकाच्या जुन्या सवयी पुसल्या जातील.

म्हणजे जाळी वर होणार नाही.

रूपकंवरजींनी माझा हात धरला. शेठजींना विचारलं तर ते माळ ओढत बसले होते. म्हणाले, करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, आमच्यात तिन्हींचं पाप सारखंच. त्या गाडीत काही जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नाही. म्हणून मी तुला कर म्हणणार नाही, आणि करू नको असंही म्हणणार नाही. तू शिकलेली आहेस, वाच आणि ठरव. पण ही बाई गाडीतच संपेल, एवढं मला दिसतं.

न वाचता कशाला हो म्हणायचं नाही, हे बाबांनी शिकवलंय. 'नंतर' दाबलं. त्यासाठी चाकावरच्या छोट्या कॅमेऱ्याकडे क्षणभर बघावं लागतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निरोप रोज येतो. मी रोज 'नंतर' दाबते. अटी वाचते आहे, संपता संपत नाहीत. कोकिळाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काय वं माय, इतलं बारीक काय वाची ऱ्हायनी? शेठले तुन्हं वाचन नको, तुन्हं बोट जोयजे. तेस्ना हात चोखा ऱ्हावाले जोयजे ना!" आणि स्वतःच खो खो हसल्या.

मला हसू आलं नाही. खरंच असेल का? पुसलं तर एका आईचा मुलगा दुसऱ्यांदा जातो. नाही पुसलं तर ती त्या गाडीत बसून झिजते. दोन्हीत बोट माझंच. मी प्रार्थना केली. मग अटी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज माझे पाय पेडलला टेकले.

आधी वाटलं, सीट पुढे आली. उतरून पाहिलं, पुन्हा बसले. भाग्येशला फोन केला. त्याने तिकडून तपासलं आणि सांगितलं, सीट पहिल्यापासून होती तिथेच आहे. मी घसरून बसले असेन. पण पाठ सरळ होती. मी दोनदा पाहिलं.

जेवताना रूपकंवरजी बसल्या तेव्हा मी उठून टेबलाजवळचा पंखा दुसरीकडे फिरवला. कुणी सांगितलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि दोन पोळ्या जेवल्या. शेठजींनी मान खाली घातली.

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चसाठी घरी आले आहे. आगगाडीत माझा उजवा पाय सारखा खाली दाबत होता. वळण आलं की दाबायचा. समोरच्या बाईने विचारलं, पाय दुखतो का.

घराच्या दारात कपाळ आपटलं. आमचं दार ठेंगणं आहे, बाबा वाकूनच आत येतात. मी कधी वाकले नाही, मला गरजच नव्हती. बाबा हसून म्हणाले, "काय गं प्रिस्किला, शेठच्या घरचं तूप लागलं का? या वयात वाढायला लागलीस!" मग त्यांनी माझ्या कपाळाला हळद लावली आणि लावता लावता थांबले. त्यांना हात वर करावा लागला होता. नंतर हसले नाहीत.

सलवार घोट्याच्या वर आली आहे. धुतल्यावर आटली असेल. पण दोन्ही सलवारी आटल्या? आणि ही एक तर मी अजून धुतलेलीच नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

भाग्येशला स्पष्ट विचारलं, किरकोळ दुरुस्त्या म्हणजे कोणत्या. त्याने यादी वाचून दाखवली. ब्रेकचा आवाज. पडद्याचा उजेड. आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये क्वचित दोन चालकांच्या सवयी एकमेकांत मिसळतात, ते.

मी विचारलं, मिसळतात म्हणजे काय. तो म्हणाला, म्हणजे मॅडम, तुम्ही 'नंतर' दाबताना कॅमेऱ्यात बघता ना, तेव्हा गाडी तुम्हाला ओळखायचा प्रयत्न करते. वेगळा चालक म्हणून नोंद होत नाही, जुन्यातच भर पडते. आमच्याकडे तुमच्या गाडीवर आता एकच चालक दिसतोय. काळजी करू नका, नवीन टाकलं की मिसळलेले दोघे वेगळे होतील, एक राहील आणि दुसरा पुसला जाईल.

कोणता राहील?

म्हणाला, ज्याच्या सवयी जास्त पक्क्या असतील तो. म्हणाला, मॅडम, सीटच्या पोझिशनचाच तर प्रश्न आहे. त्याला काय सांगू? माझी उंची वाढली म्हणून?

म्हणजे आज केलं तर उद्यापेक्षा बरं, माझ्या सवयी शिल्लक आहेत तोवर. हे मला समजतं. तरी रूपकंवरजींना आधी सांगणं माझं कर्तव्य होतं. सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात स्वतःच्या कपाळाला लावले. "थोडे दिवस राहू दे बेटा. थोडेच दिवस. मग मीच सांगेन, कर."

मी नाही म्हणू शकले नाही. का म्हणू शकले नाही?

५ डिसेंबर, शुक्रवार

नोकरी सोडते असं सांगून निघाले. शेठजी माळ ओढत राहिले. कोकिळाबाई म्हणाल्या, "जाय माय, जाय. मांगे वळी देखू नको." त्या हसत नव्हत्या.

घरी आहे. दारातून वाकून आत आले. आता मी नुसती घरी राहणार. गाडीत बसले नाही तर काही मिसळणार नाही.

८ डिसेंबर, सोमवार

मिसळतंच आहे.

बाबांनी आवडीचं सुक्या बोंबलाचं कालवण केलं. ताट समोर आलं आणि मला मळमळलं. बाबा रागावले नाहीत. दिवस मावळल्यावर माझा घास घशातून उतरेना, तेव्हा घाबरले. त्यांनी मला जवळ बसवून लहानपणचं सगळं विचारलं. कुठे पडले होते, कोणती शेळी माझी होती. शेळी आठवली. पण पडले होते ते मला नदीच्या एका दगडी घाटावर आठवतं, खाली पाणी, आणि कुणी तरी मारवाडीत ओरडतंय. बाबा म्हणाले, नाही गं, तू आपल्या जांभळीवरून पडलीस.

संध्याकाळी शेठजींचा फोन आला. मी गेल्यापासून रूपकंवरजींनी पाणी सोडून काही घेतलेलं नाही. बोलावत नाही, म्हणाले. फक्त कळवतो.

बाबा म्हणतात, जाऊन ते पुसून ये आणि लगेच परत ये. मी येतो सोबत. मी म्हटलं, नको, त्यांना नको दिसायला. काय दिसायला नको, ते मला सांगता आलं नाही.

१० डिसेंबर

परत आले. रूपकंवरजी दारातच उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्यावरून मीठमिरची उतरवली, लांबच्या प्रवासाहून आलेल्यावरून उतरवतात तशी. जेवल्या. दाळबाटी. मीही जेवले, त्यांच्या हातून.

'हो' दाबायला गेले. त्यांनी पदर पसरला. 'नंतर' दाबलं.

१४ डिसेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. आठवलंच नाही, दुपार झाल्यावर आठवलं.

धडगावचा घाट मी पाहिलेला नाही. तरी ते वळण मला ठाऊक आहे. डावीकडे एक सागाचं झाड वाकलेलं. चहाचा थर्मास गाडीच्या टपावर. खालच्या दरीत कुणाच्या तरी शेळ्या, ढगांसारख्या. फोटो काढायला एक पाऊल मागे —

हे माझं नाही. हे माझं नाही, असं लिहून ठेवते.

१७ डिसेंबर

शेठजींना म्हटलं, तुम्ही एकदा सांगा. कर म्हणा नाहीतर नको म्हणा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, तो खांद्यापर्यंतच आला. तीन गोष्टींपैकी एकही ते करणार नाहीत.

मग पाया पडायला मी वाकले. का वाकले? आमच्यात —

कोकिळाबाई आता मला चहा आणून देतात तेव्हा दारातच ठेवतात. वर बघत नाहीत. आज म्हणाल्या, "भाऊ, चहा ठेया." आणि तोंडावर पदर धरून पळाल्या.

१९ डिसेंबर

बाबांचा फोन. चार वेळा. उचलला. ते म्हणाले, कोण बोलतंय? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, माझ्या मुलीला फोन द्या.

मी म्हटलं बाबा मीच — त्यांनी पुन्हा विचारलं, कोण आपण —

२१ डिसेंबर

उद्या करणार. पदर पसरला तरी. कोणी काही म्हटलं तरी. जे राहील ते राहील. मी राहीन. माझ्या सवयी मला ठाऊक आहेत. मी उजवीकडे वळून झोपते. मला आल्याचा चहा लागतो. मी सगळं वाचते. मी —

अजून असतील. आत्ता सुचत नाहीत.

२२ डिसेंबर

सकाळ. गाडीत लिहिते आहे. शेठजी बाहेर, पाठ करून, हात जोडून.

रूपकंवरजी शेजारी. नवी साडी. पदर पसरला नाही. रडल्या नाहीत. माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, कपडे बेतायला बघतात तसं. मग हसल्या. म्हणाल्या, "आता कर, बेटा. आता भीती नाही. तूच राहशील."

कोणाला म्हणाल्या

त्यांना माहीत होतं. थोडे दिवस, थोडे दिवस — म्हणजे पक्कं व्हायला — त्या मोजत होत्या —

बोट मागे घेते म्हटलं. घेतलं नाही. त्यांनी धरलंही नव्हतं. दाबलं गेलं.

पट्टी सरकते आहे. अर्धी झाली. काही दुखत नाही. ते वाईट. दुखलं असतं तर —

बाबांचा चेहरा आहे अजून. आहे. कपाळ आहे. हळदीची बोटं. डोळे —

मिरची जळल्यासारखा वास. बाहेर उन्हं छान पडलीत. ते झाड कोणतं होतं, ज्यावरून मी

झालं. पडदा पांढरा झाला. मग अक्षरं आली. सगळं व्यवस्थित आहे म्हणतो. पुढे जाण्यासाठी चालकाचं नाव सांगा म्हणतो.

रूपकंवरजी वाट बघतायत. ओठ हलवून दाखवतायत, लहान मुलाला शिकवतात तसे. ते नाही. ते माझं नाही. माझं मला येतं, त्यात काय अवघड. लिहितेच इथे आधी, मग सांगते. माझं नाव