बाइंडरसाठी छापलेलं पान

पप्पा, ज्या पानाला मी किमतींची यादी म्हणालो होतो, ते पान आज माझ्या टेबलावर आलं. वसईच्या त्या सरांची प्रत नव्हे, पण पुस्तक तेच. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी, आत हाताने रंगवलेली थट्टेची चित्रं. टोपी दारात अडकलेली ती बाई दिसली आणि मी लगेच ओळखलं. अबुधाबीच्या एका डॉक्टरीणबाईंनी वडिलांची आठवण म्हणून जपलेलं पुस्तक, शिवण सुटलेली, चित्रं मोकळी झालेली. इथे शारजात माझ्या एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमवाला. एवढ्या धुळीत बाई आल्या त्या कुणीतरी त्यांना सांगितलं म्हणून, की हा माणूस अजून हाताने शिवतो. हात माझा असेल, शिवण तुमची आहे.

वसईतलं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. आईचं आटोपलं की तुम्ही त्याच स्टोव्हवर खळ शिजवायला ठेवता, मैदा आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि आई म्हणते, एक दिवस हेच ताटात वाढून घ्याल. त्या दिवशी इंग्रजीचे निवृत्त सर स्वतः पुस्तक घेऊन आले होते, म्हणून तुम्ही आधी हात धुतलेत, पुसलेत, मगच पुढे केलेत. बारा चित्रं सुटी होती. बगळ्याच्या मानेचा वकील, औषधाच्या बाटलीसारख्या पोटाचा डॉक्टर, ती टोपीवाली बाई. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत ओळ. तुम्ही मला हाक मारलीत. मी एकोणीस वर्षांचा, बारावीच्या इंग्रजीत दोनदा आपटलेला, पण तुमच्या लेखी साहेब. म्हणालात, वाच आणि कुठलं कुठे लावायचं ते सांग. अक्षरं मला लागत होती. पण त्या ओळींत शब्द सरळ चालतच नव्हते, एकेका शब्दाला दोन दोन अर्थ, आणि मला त्यातला एकही कळेना. ‘नाही येत’ एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी गोष्ट रचली. म्हटलं, हा सगळा एकच शेठ आहे, लग्नाआधी एवढा जाडा आणि लग्नानंतर बघा कसा उतरत गेला. चित्रं जाड्यापासून वाळक्यापर्यंत ओळीने मांडली. “बिचारा, बायकोच्या टोप्यांपायी वाळला,” तुम्ही म्हणालात आणि इतके हसलात की डोळे कोपराने पुसावे लागले, बोटांना खळ होती म्हणून.

शेवटी एक पान उरलं. वर मोठा मथळा, खाली ओळी, ओळींच्या टोकाला आकडे. हे काय रे, तुम्ही विचारलंत. किमतींची यादी, टाकून द्या, मी म्हणालो. तुम्ही टाकलं नाहीत, चांगल्या कागदाचा तुम्हाला लोभ. पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर म्हणून चिकटवलंत आणि हाडाच्या पट्टीने घोटून घोटून बसवलंत.

सर पुस्तक घेऊन गेले ते पुन्हा आपल्या दारात आले नाहीत. त्यांची पुढची पुस्तकं मुंबईला जाऊ लागली. त्यांचं बघून शाळेचीही. तुम्ही महिनाभर विचारत राहिलात, खळ आंबली होती का रे? सरांना वास आला असेल का? तेव्हापासून तुम्ही खळ दोनदा शिजवू लागलात आणि पुस्तक देण्याआधी नाकाशी धरू लागलात. माझे कान पहिल्यापासून तिखट. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सर कुणाशी तरी बोलत होते, ते मी ऐकलं होतं. “शिवण अशी की पन्नास वर्षं हलायची नाही. चित्रं मात्र कुठली कुठे. त्याला सांगू नका, मनाला लावून घेईल.” मी ऐकलं आणि घरी येऊन जेवलो.

तुम्ही गेलात त्याआधीच्या सुट्टीत आलो होतो तेव्हाही खाटेवरून तुम्ही बोटं माझ्यापुढे धरलीत. वास येतो का बघ. मी नाही म्हणालो. तेवढंच म्हणालो.

आज मुलगी कारखान्यात आली होती. बारीक छपाई आता मला दिसत नाही, म्हणून तिला वाचायला दिलं. मथळा वाचून तिने माझ्याकडे पाहिलं. “पप्पा, दिस पेज इज फॉर यू.” बाइंडरसाठी सूचना, असा मथळा होता. अमुक चित्र अमुक पानासमोर लावावं, बाराच्या बारा. मी स्टूल ओढून बसलो. छापील कागदाने तुम्हाला आयुष्यात एकदाच हाक मारली होती, पप्पा, आणि मी ती तुमच्याच हातांनी पाठीत चिकटवून टाकली. माझा चिपळूणचा शिवणारा म्हणाला, “बरा झाला वाचलंत शेठ, नायतर आपण अंदाजानंच लावली असती.” मी म्हटलं, अंदाजाने लावणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे.

मग मुलीने ओळीही सांगितल्या. एक जण चित्र काढतोय, शेजारी दुसरा कुणाचा तरी दात काढतोय, इंग्रजीत दोन्हीला शब्द एकच. अगं, मराठीतही एकच, मी म्हटलं, आणि ते बघून हसणाराही दातच काढतो. ती म्हणाली, “ओके पप्पा, यू विन.” हा विनोद तरी तुम्हाला तेव्हा सांगता आला असता. मी त्या दातवाल्याला शेठचा सासरा करून टाकलं होतं.

हे पत्र या पुस्तकाच्या पाठीत अस्तर म्हणून घालावं असं क्षणभर वाटलं. पण गिऱ्हाइकाच्या पुस्तकात आपला कागद जाता कामा नये, हे तुम्हीच शिकवलेलं. तुमच्या हाडाच्या पट्टीखाली, खणात राहील. खळीला वास नव्हता, पप्पा. कधीच नव्हता.

बारा चित्रं सूचनेप्रमाणे लावून शिवली. पण त्याआधी सगळे जेवायला गेले होते, तेव्हा मी ती एकदा जाड्यापासून वाळक्यापर्यंत मांडून पाहिली. गोष्ट अजून जमते.