फोन टेबलावर ठेवलाय

ठमे,

फोन टेबलावर ठेवलाय. काल तू रडत सगळं सांगितलंस आणि मी आधी फोनच हिसकावून घेतला. चुकलंच माझं. घाबरले होते गं.

पोहण्याच्या क्लासमधली म्हणून तुझ्याशी गप्पा मारणारी ती मुलगी नव्हतीच. कुणीतरी गोड बोलून तुझा फोटो घेतला आणि आता तो सगळ्यांना पाठवायची धमकी देतोय. लाज त्याला वाटायला हवी, तुला नाही.

त्याने कितीही डिवचलं तरी उत्तर देऊ नकोस. मेसेज पुसूही नकोस, पोलिसांना लागतील. दवाखान्यात रजा टाकून मी चौकीत निघालेय. तिथल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "मुलीला रागावू नका. तिने सांगितलं म्हणून आपल्याला वेळेत काही करता येतंय."

मावशी अकराला येईल. तिला किती सांगायचं ते तू ठरव. जेवण झाकून ठेवलंय, उपाशी राहू नकोस.

दुपारी आले की मला माझं सोशल मीडियाचं खातं फक्त ओळखीच्यांनाच दिसेल असं करायला शिकव. शाळेच्या गणवेशातले तुझे फोटो मीच साऱ्या जगाला दाखवत बसलेय, शाळेच्या नावासकट. ते आपण दोघी मिळून काढून टाकू.

आई