दोन आटे

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज पुन्हा! जेवता जेवता. घास हातात, डोळे टक्क उघडे, आणि माणूस जाग्यावर नाही. हे खुर्चीसकट कलंडले. मी ओरडतेय, तोंडावर पाणी मारतेय... थोड्या वेळाने उठून मलाच विचारतात, "मीठ कुठे ठेवलंस?"

५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. "हे झटके सांगून येत नाहीत. गाडी चालवायची नाही. सायकलसुद्धा नाही." हे शहाण्या मुलासारखी मान डोलावत होते. घरी आल्यावर चपलाही न काढता थेट मागच्या शेडमध्ये! ताडपत्री ओढली. आमची फटफटी — ब्रिटिश बनावटीची, एकाच सिलिंडरची, आमच्या लग्नाच्याही आधीची.

"कॉम्प्रेशन गेलंय जरा, आत दाबच धरत नाही. पिस्टनच्या रिंगा बदलल्या की झालं. मग धाकट्याकडे जाऊन येतो."

धाकटे दीर डोंगरापलीकडे राहतात. नुसती वळणं, आणि एका अंगाला खोल दरी.

"डॉक्टरांनी काय सांगितलं?" मी विचारलं.

"ते चालवायच्या गाड्यांबद्दल. ही चालते कुठे?" आणि हसले. मला नाही हसू आलं.

८ फेब्रुवारी
किल्ली लपवावी, तर या गाडीला किल्लीच नाही. किक मारायची आणि सुटायचं.

फोरमन भाऊजी इथे असते तर बरं झालं असतं. वर्कशॉपमधले यांचे जुने दोस्त. यांचा कान धरू शकणारा तेवढा एकच माणूस. पण ते लेकीकडे गेलेत, तिचं बाळंतपण आहे. मार्चात येतील.

११ फेब्रुवारी
नव्या रिंगा बसल्या. मला हाक मारून दाखवलं. किक अडते तिथपर्यंत आणायची, मग तिच्यावर अख्खं वजन टाकून उभं राहायचं. इंजिन धड असेल तर आतल्या हवेचा दाबच माणसाला पेलतो. हे उभे राहिले. किक जागची हलली नाही. "बघ, पेलतंय मला!" काय तो चेहरा! कितीतरी महिन्यांनी पाहिला.

उद्या चालू करणार म्हणे.

हँडलला एक बारकी लिव्हर आहे. ती दाबली की व्हॉल्व्ह जरासा उघडतो, दाब निसटतो आणि किक हलकी होते. तिची केबल जास्त ताणलेली राहिली, तर व्हॉल्व्ह नेहमीसाठीच किलकिला राहतो. भाऊजींनीच सांगितलं होतं एकदा, चहा पिताना. एका गिऱ्हाइकाने तेवढ्यापायी सगळं इंजिन खोललं होतं. किती हसलो होतो तेव्हा!

१२ फेब्रुवारी
हे आंघोळीला गेले आणि मी शेडमध्ये. चष्म्याच्या दुकानात याहून बारीक स्क्रू फिरवते मी रोज. केबलचा स्क्रू फिरवला. दोन आटे, बस्स.

हे आले, किकवर उभे राहिले — सर्रकन खाली! पुन्हा. पुन्हा. मग तिथेच पायरीवर बसून राहिले.

असू दे. घरात तरी आहेत.

२० फेब्रुवारी
प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पाहिलं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. नाही वाढला. लगेच इंजिनाचं हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासून घासून बसवले. पुन्हा जोडणी. जोडताना केबल हे बरोबर लावतात. एकदा लावली की तिकडे पुन्हा बघत नाहीत. मी मागाहून जाऊन दोन आटे फिरवून येते.

काल मुलीचा फोन होता. "बाबा काय करतात?" म्हटलं, रमलेत छान.

१ मार्च
आज जीव हलला माझा. हे हात समोर धरून बघत बसले होते. म्हणाले, "सगळं बरोबर करतो गं मी. तरी होत नाही. झटक्यांनी डोकंच गेलंय बहुतेक. आता काय काय विसरेन कोण जाणे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण सांगितलं की गाडी चालू होणार. मग दरी. "जेवायला चला" म्हटलं.

९ मार्च
सिलिंडर लेथवर आतून कोरून, बोअर करून आणला. नवा पिस्टन, डोक्याला उंच. आता दाब आधीपेक्षाही वाढेल म्हणाले. लेथवाल्याला बजावलं, "पिस्टन सैल ठेवू नकोस. सैल ठेवलं की कॉम्प्रेशन जातं." तो म्हणाला, "काका, इतकं घट्ट?" हे ऐकतात थोडेच!

शेडमध्ये जायलाही भीती वाटते आता. इंजिन गप्प बसलंय आणि आत जोर वाढतोय. तरी मी गेले. स्क्रू फिरवून आले.

१५ मार्च
फोरमन भाऊजी आले! लेकीला मुलगी झाली. पिशवीतून पेढे काढले, एक यांच्या तोंडात कोंबला आणि म्हणाले, "कुठे आहे तुझी पेशंट?"

हे हात धुवायला आत गेले तेवढ्यात त्यांनी लिव्हर चाचपली. मग केबल. मग माझ्याकडे बघितलं. मी पेढ्यांचा खोका धरून उभी.

"वहिनी, हा स्क्रू आपोआप फिरत नाही."

मी रडले. झटक्यांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, हे 'डोकं गेलंय' म्हणतात तेही सांगितलं. यांनी त्यांना फोनवर फक्त गाडीचं सांगितलं होतं, आजाराचं काहीच नाही!

"त्याला कळता कामा नये," ते म्हणाले. "डोकं गेलंय म्हणून बसलाय, त्यात तुम्ही केलंत म्हणून कळलं तर मोडून पडेल. माझ्यावर सोडा."

केबल सैल केली, हे बाहेर येताच व्हॉल्व्हच्या झाकणावर दोन टिचक्या मारल्या आणि ओरडले, "अरे, व्हॉल्व्ह अडकला होता! तुझं काही चुकलं नव्हतं, वेड्या!" हे लहान पोरासारखे हसले. तिसऱ्या किकला चालू झाली. शेडचे पत्रे थरथरले.

निघताना भाऊजी मला दाराशी हळूच म्हणाले, "उद्या मी एकटा फिरवून आणतो, चढापर्यंत. आल्यावर सांगतो, गाडीत लांबचा दम नाही, कोपऱ्यापर्यंत ठीक आहे. मग कोपऱ्यापर्यंत जाणंसुद्धा हळूहळू सोडवू. माझं ऐकतो तो."

किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

१६ मार्च
भाऊजी सकाळी नेहमीसारखे शीळ घालत गेले. नवा पिस्टन, म्हणून हळूच नेत होते. हे फाटकाशी उभे राहून आवाज ऐकत होते. "ऐक, ऐक! चढाला लागला..."

मग आवाज तुटला. एकदम.

चढावर इंजिन तापलं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट रुतून बसला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. वळणावर! दूधवाल्याने पाहिलं. म्हणाला, ब्रेक न मारता गाडी आडवी झाली, आणि ते कठड्यावर आदळले.

१७ मार्च
भाऊजींना शुद्ध नाही. त्यांची लेक ओली बाळंतीण, तशीच निघाली आहे. तिला काय सांगू?

१९ मार्च
टेम्पोतून गाडी आणली. यांनी एकट्याने इंजिन उघडलं. पिस्टन बाहेर काढून उन्हात धरला. चारही बाजूंनी खरवडून निघालेला. बघतच राहिले.

२२ मार्च
भाऊजी सकाळी गेले.

यांनी हत्यारं भंगारात देऊन टाकली. "घट्ट मीच ठेवायला लावलं. माझ्या हातांनी मारलं त्याला," एवढंच म्हणतात. गाडीचं नाव काढत नाहीत. मला हवं होतं तसंच झालं सगळं.

त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोन आट्यांचं मात्र सांगितलं नाही.